झेनची दुसरी चावी

पत्र थोडक्यात असं: घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे राहणारे एक वाचक, वय ५१, ऑफिस ऐरोलीत. २००२ मध्ये स्वतःच्या पगारातून पहिली गाडी घेतली, सिल्व्हर कलरची मारुती झेन, पॉवर स्टिअरिंग नसलेली. ती २२ वर्षं चालवली. २०२४ ला घरच्यांच्या आग्रहाने कळव्याच्या एका ओळखीच्या माणसाला दिली आणि कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली, ऑटोमॅटिक, एएमटीवाली. अकरा महिने झाले तरी नवीन गाडी मनात बसत नाही. स्टिअरिंगला जीव नाही, गिअर बदलताना धक्का बसतो, इंजिन थरथरतं, कोपऱ्यातलं दिसत नाही, गाडी सारखी बीप बीप करते आणि सिग्नलला आपोआप बंद पडते. आता तो कळव्याचा माणूस झेन विकतोय. यांना नवीन गाडी विकून झेन परत आणायची आहे. मिसेस म्हणतात डोकं फिरलंय, मुलगा (वय १९) म्हणतो हा नुसता नॉस्टॅल्जिया आहे, ७६ वर्षांच्या आई काहीच बोलत नाहीत. शेवटी एक ओळ आहे, "ताई, झेनची दुसरी चावी अजून माझ्या कपाटात आहे, विकताना द्यायची राहिली की मी दिली नाही ते मलाच माहीत नाही."

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि प्रत्येक तक्रारीपुढे खूण करत गेले, की ही गाडीची आहे, ही रस्त्याची आहे, ही आणखी कशाची तरी आहे. कारण तुमचा मुलगा म्हणतो तसं हे सगळं नॉस्टॅल्जिया म्हणून झटकून टाकणं मला पटलं नाही. तुमच्या निम्म्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांना कारणं आहेत.

स्टिअरिंगचंच घ्या. तुमच्या झेनमध्ये चाकं आणि तुमचे हात यांच्यामध्ये दुसरं कोणी नव्हतं, खड्डा आला की तळहाताला कळायचं, टायरमध्ये हवा कमी झाली तरी कळायचं. आताच्या गाडीत मध्ये इलेक्ट्रिक मोटर आहे, ती वजन उचलते म्हणून पार्किंगमध्ये एका बोटाने स्टिअरिंग फिरतं, पण रस्त्याची खबर तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी ती बरीचशी गिळून टाकते. वजनाचंही तसंच आहे. झेन आठशे किलोच्या आतली गाडी, ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, हलकी म्हणून चटकन उचलायची. आताची कॉम्पॅक्ट एसयूव्ही हजार-बाराशे किलोची, उंच आणि बऱ्याचदा तीन सिलिंडरची, आणि तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थोडं थरथरतंच, तो बिघाड नाही. तेव्हा तुम्हाला जे जाणवतंय ते खरंच आहे, हे आधी घरात सांगा, म्हणजे निदान डोकं फिरल्याचा आरोप तरी जाईल.

कोपऱ्यातलं दिसत नाही हेही खरंच. काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आता जाड असतात कारण गाडी उलटली तर छप्पर तोलायचं काम त्यांचं असतं. झेनचे खांब काडीसारखे बारीक होते, तुम्हाला आरपार दिसायचं, आणि धडक झाली असती तर त्याच काड्यांवर सगळी भिस्त होती. म्हणून खांब जाड आहे म्हणून वैतागू नका, डोकं हलवायची सवय लावा. वळताना, विशेषतः पातलीपाड्यासारख्या ठिकाणी जिथे माणसं कुठूनही रस्त्यात येतात, तिथे मान नुसती वळवायची नाही, अंग थोडं पुढे आणि मागे करायचं, खांबाआडचा माणूस दिसतो. आणि सीटची उंची बघितलीत का कधी? बहुतेक नव्या गाड्यांत ड्रायव्हर सीट वरखाली करता येते, आणि बरेच लोक शोरूममधून आली तशीच वर्षभर चालवतात.

बीप बीपबद्दल मात्र कंपनीवर राग काढू नका. जुलै २०१९ पासून सीटबेल्टचा अलार्म, ८० च्या वर गेलं की वाजणारा स्पीड अलर्ट आणि रिव्हर्स पार्किंग सेन्सर हे सगळं नियमानेच आलं, ड्रायव्हरच्या एअरबॅगसकट. आणि सिग्नलला बंद पडणं म्हणजे ऑटो स्टार्ट-स्टॉप, पेट्रोल वाचवायला. डॅशबोर्डवर त्याचं बटण असतं, इंग्रजी ए अक्षराभोवती गोल बाण असलेलं, बसल्या बसल्या ते दाबायचं की त्या फेरीपुरती कटकट गेली. अकरा महिने ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नाही याचं मला वाईट वाटलं, डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो सगळं होतं, पण गाडी कशी चालवायची हे शांतपणे कोणी समजावत नाही.

आता धक्क्याचं जरा सविस्तर सांगते कारण एएमटी घेतलेले निम्मे लोक हेच लिहितात. एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी मशीन करतं. तुम्ही झेनमध्ये गिअर बदलताना काय करायचात, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचात ना? मग इथे पाय दाबून का ठेवता? गिअर पडायच्या बेताला पाय थोडासा हलका करा, एका आठवड्यात पायाला वेळ कळते आणि धक्का जवळपास जातो. २२ वर्षांची सवय आहे तुम्हाला, हे तुम्ही कोणत्याही नवशिक्यापेक्षा लवकर शिकाल. दुसरं, गायमुखच्या घाटात ट्रॅफिक मुंगीच्या पावलाने सरकत असताना चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, आतला क्लच जळतो. ब्रेक दाबून थांबा, पुढे चांगली दोन गाड्यांची जागा झाली की मग निघा, मागचा हॉर्न वाजवू दे.

आणि टायर प्रेशर. नवी गाडी दणके देते असं जे लिहिलंय त्यातलं बरंचसं नुसत्या जास्त भरलेल्या हवेमुळे असू शकतं, पंपावर किंवा सर्व्हिसिंगला बिनधास्त चाळीसपर्यंत भरून देतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा आणि टायरमधला आकडा जुळतोय का ते थंड टायरवर बघा.

आता दुसऱ्या खुणा, रस्त्याच्या. तुमच्या पत्रातल्या झेनच्या आठवणी मी मोजल्या. पहाटे साडेपाचला निघून मुरबाडवरून माळशेज, गणपतीला महाडच्या पुढे धाबा बघून थांबलेलं, लग्नानंतर पाम बीच रोडला उगाचच मारलेली चक्कर, येऊरच्या पायथ्याशी पावसात खाल्लेली भजी. सगळ्या सुट्टीच्या, सगळ्या पहाटेच्या नाहीतर रात्रीच्या. आणि नव्या गाडीच्या आठवणी? मेट्रो चारच्या कामाच्या पत्र्यांशेजारून कंटेनरच्या मागे अडकलेली कापूरबावडी, माजिवड्याचा जाम, विटाव्याच्या पुलाखाली साचलेलं पाणी, आणि सव्वानऊची ऑफिसची मीटिंग चुकलेली. अहो, या अकरा महिन्यांत तुम्ही एकदाही नवी गाडी घेऊन सुट्टीच्या पहाटे कुठे गेला नाहीत, निदान पत्रात तरी नाही. एका गाडीला तुम्ही तिच्या सगळ्यात चांगल्या दिवसांवरून मार्क देताय आणि दुसरीला तुमच्या सगळ्यात वाईट तासांवरून. झेनसुद्धा याच ट्रॅफिकमध्ये ऐरोलीला जायची, त्याबद्दल एक अक्षर नाही, कारण ते लक्षात ठेवण्यासारखं नव्हतंच. क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखायचा ना संध्याकाळी?

आमच्याकडेही एक जुनी गाडी होती, नौपाड्यातल्या गल्लीत मी तिच्यावरच शिकले, १९९४ ची गोष्ट. बाबांनी ती विकली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी पेणला एका नातेवाईकांकडे तेच मॉडेल दिसलं, त्यांनी चावी दिली, मी बसले. वास तोच होता, रेक्झिन आणि पेट्रोल, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण ब्रेक दाबला तर पाय वाळूत रुतल्यासारखा खाली गेला आणि गाडी थांबायला मला वाटलं त्याच्या दुप्पट जागा लागली. ती गाडी चांगल्या कंडिशनमध्ये होती, तशीच असायची ती, आम्ही तेव्हा तेवढंच अंतर ठेवून चालवायचो. मी गाडी परत लावली, चावी दिली, आणि मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, की बसले एकदा. म्हणून मी तुम्हाला झेन बघायलाच जाऊ नका असं अजिबात सांगणार नाही. जा. पण कशी बघायची ते पुढे सांगते.

त्याआधी तिसऱ्या खुणा. या सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या मला. तुम्ही झेनबद्दल जिथे जिथे रंगून लिहिलंय तिथे बॉनेट उघडं आहे. क्लच केबल स्वतः बदलली, प्लग घासून लावले, एअर फिल्टर गॅलरीत झटकला, रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली आडवे झालात आणि सात-आठ वर्षांचा मुलगा पाने हातात देतोय, "बाबा, दहाचा का बाराचा?" हे वाक्य तुम्ही तसंच्या तसं लिहिलंय. नव्या गाडीचं बॉनेट तुम्ही किती वेळा उघडलंत? उघडलं तर वर काळं प्लास्टिकचं कव्हर, खाली काय आहे ते दिसतही नाही, हात लावला तर वॉरंटीची भीती. झेनला तुमची गरज होती, ती तुम्हाला आवाजावरून कळायची. हिला सहा महिन्यांनी सर्व्हिस सेंटरला सोडायचं आणि मेसेज आला की घेऊन यायचं. मला वाटतं तुम्हाला करमत नाही ते इथे, स्टिअरिंग आणि गिअर त्या मानाने छोटी दुखणी आहेत, ती पंधरा दिवसांत बरी होतील. तुमचा हात रिकामा झालाय. आणि पाने देणारा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, तो दुरून नॉस्टॅल्जिया म्हणतोय.

हे कसं भरून काढायचं? नव्या गाडीतही हाताने करण्यासारखं आहे, लोक करत नाहीत इतकंच. केबिनचा एसी फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, दोन क्लिपा काढल्या की हातात येतो, आणि घोडबंदरच्या धुळीत तो किती काळा होतो ते एकदा बघाच. वायपरचे रबर, बॅटरीचे टर्मिनल, टायरची खोली, वॉशरचं पाणी, कूलंटची पातळी. आणि मुख्य म्हणजे स्टेपनी. मुलाला गाडी शिकवताय की नाही माहीत नाही, पण एका रविवारी त्याच्याकडून टायर बदलून घ्या, तुम्ही पाने द्या.

आता झेनचा प्रश्न. नवी गाडी विकून फक्त झेन ठेवायची, याला माझा स्पष्ट विरोध आहे आणि त्याचं पहिलं कारण तुमच्या आई आहेत. पत्रात एकच वाक्य आहे की त्या काही बोलत नाहीत. झेनची सीट जमिनीला टेकलेली, बसायचं म्हणजे आधी खाली पडायचं आणि उठायचं म्हणजे कोणीतरी हात द्यायचा. उंच गाडीत ७६ वर्षांचं माणूस खुर्चीत बसल्यासारखं सरळ बसतं. त्यांना विचारा, दोन्हीपैकी कशात बसायला बरं वाटतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. दुसरं कारण ब्रेक आणि एअरबॅगचं. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचं आहे, पुढच्या दोन्ही एअरबॅग त्यानंतर दोन वर्षांनी सक्तीच्या झाल्या. तुमच्या २००२ च्या झेनमध्ये यातलं काही नाही. तेव्हा फारशा कुणाकडे नव्हतं म्हणून चालून गेलं, आता शेजारून अठरा टनांचा ट्रेलर आणि मागून शंभरने येणारी गाडी असताना पूर्ण घर तिच्यात घालून महाडला जाऊ नका. आणि घेऊन वर्षही न झालेली गाडी विकण्यातला तोटा तर आहेच, लोन असेल तर बँक मुदतीआधी बंद करायचे पैसे घेते का तेही विचारा.

नवी बदलून मॅन्युअल घ्यावी का, असंही तुम्ही मध्येच लिहिलंय. आत्ता नको. वर लिहिलेलं सगळं करून तीन महिने द्या, तरी नाही जमलं तर तेव्हा बघू, ऐरोलीच्या त्या रोजच्या प्रवासात तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला क्लच पेडल नकोसं होईल असा माझा अंदाज आहे.

दोन्ही ठेवायच्या, झेन फक्त रविवारची आणि जवळपासची, हा पर्याय मात्र मला वेडेपणाचा वाटत नाही. त्याची किंमत आधी कागदावर मांडा. तुमची गाडी २००२ ची, म्हणजे १५ वर्षांनी २०१७ ला आणि मग २०२२ ला रजिस्ट्रेशन रिन्यू झालं असणार, पुढचं २०२७ ला. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारची रिन्युअल फी ५ हजार झाली होती, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १० हजार केली, शिवाय पर्यावरण कर वेगळा आणि पासिंगला गाडी आरटीओत न्यायची ती वेगळी. जुन्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, ती लावलीय का बघा. चलन पेंडिंग नाहीत ना, इन्शुरन्स चालू आहे ना, आणि मुळात त्या माणसाने गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली का, की आरसी पुस्तकावर अजून तुमचंच नाव आहे? हे घाईने तपासा, घ्यायची नसेल तरी तपासा, कारण नाव तुमचं असेल आणि उद्या काही झालं तर पोलीस तुमच्या दारात येतील. जुनी गाडी विकलेल्या प्रत्येक वाचकाने हे बघावं.

पेट्रोलचाही विचार करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, २००२ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, त्यामुळे पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील लवकर खराब होऊ शकतात, ते बदलून घ्यायचा खर्च धरा. पार्ट्ससाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चकरा मारायची तयारी हवी. आणि सोसायटीत दुसरं पार्किंग आहे का? घोडबंदर रोडच्या बहुतेक सोसायट्यांत एका फ्लॅटला एकच मिळतं, आणि झेन बाहेर रस्त्यावर धूळ खात उभी राहणार असेल तर तिला परत आणू नका, ते तिच्यासाठी वाईट आहे.

ट्रायल घ्यायची ती अशी. रविवारी सकाळी कळव्यात एक चक्कर मारून परत येऊ नका, त्याने तुमचं मन आधीच ठरेल. त्या माणसाला सांगून एक कामाचा दिवस मागून घ्या, पेट्रोल तुमचं, आणि सकाळी साडेआठला घोडबंदरवरून ऐरोलीला आणि संध्याकाळी परत या. आधी दिवसाउजेडी कार्पेट उचलून पत्रा बघा, दारांच्या खालच्या कडा आणि बॉनेट उघडून शॉकॲब्सॉर्बर जिथे बसतात तिथला पत्रा, गंज असतो तो तिथे असतो. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही चांगली दिसली तरी तो बदलायचा. तुमचा जुना मेकॅनिक अजून गॅरेज चालवत असेल तर त्याला सोबत न्या, नाही तर आधी मेकॅनिक शोधा आणि मग गाडी. आणि मुलाला न्या, ऐरोलीहून परत येताना त्याच्याकडे लायसन्स असेल तर थोडी त्याला चालवू द्या.

त्याच महिन्यात एका रविवारी पहाटे साडेपाचला नवी गाडी काढा आणि मुरबाडवरून माळशेजला जा. आईंना पुढे बसवा. त्या दिवशी स्क्रीन बंद, बीपकडे लक्ष नाही, मोड मॅन्युअलवर टाका, एएमटीत ती सोय असते, लिव्हर पुढेमागे करून घाटात गिअर तुम्हीच बदला. हे दोन दिवस झाल्यावर मिसेसशी बोला, त्याआधी नको, आणि "मला झेन हवी" असं सुरू न करता "मला रविवारी हाताला काम हवंय" असं सुरू करा. त्यांना हे माहीत असेल, पण तुम्ही कधी म्हटलं नसेल.

आणि ती दुसरी चावी कळव्याला जाताना खिशात घेऊन जा. गाडी घेतलीत तर लागेलच. नाही घेतलीत तर त्या माणसाच्या हातात देऊन या, दोन्ही चाव्या असल्या की पुढच्या गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो आणि त्याला दोन-तीन हजार जास्त मिळतील.